लेखनद्रव्य आणि पोथीचें स्वरूप

१. हस्तलिखितांच्या याद्या करण्याची आपली पद्धति आतां बरीच स्थिर झाली आहे. ग्रंथाचें नांव, कर्ता, विषय, लिपि, पत्रसंख्या, दर पृष्ठावरील ओळी, लेखनकाल आणि लेखकाचें नांव इतकी माहिती बहुतेक याद्यांत मिळते. लेखनद्रव्याच्या रकान्यांत मात्र 'कागद', 'ताडपत्र' किंवा 'भूर्ज' हा एक शब्द लिहिला, कीं संग्राहकाचें समाधान होतें. आमच्या मतें हा एक शब्द पुरेसा नाहीं. ज्या द्रव्यावर पोथी लिहिली जाते, तें द्रव्य पोथीचा आकार ठरवितें, अक्षराचें वळण ठरविण्यास हातभार लावतें, पाठांत कोठें आणि कसा बिघाड व्हावा हेंहि पुष्कळ अंशीं ठरवितें. तें तयार करणारा समाज आणि पुरविणारी भूमि यांचीहि खूण त्यावर उमटलेली असते. यास्तव द्रव्य हें मजकुराचें केवळ वाहन नसून स्वतः एक ऐतिहासिक साधन आहे. याच मुद्द्याचा विस्तार पुढें करीत आहों.

२. प्रथम शब्दांकडे पाहूं. 'लिख्' या धातूचा मूळ अर्थ ओरखडणें, कोरणें असा आहे. 'लिपि' शब्दाचा संबंध वैयाकरण 'लिप्' म्हणजे सारवणें, माखणें याच्याशीं लावतात. परंतु शाहबाजगढीच्या अशोकलेखांत याच अर्थीं 'दिपि' असें रूप आहे, व तें इराणी आहे, हें अभ्यासकांस ठाऊक आहेच. 'ग्रंथ' म्हणजे गुंफलेलें, गांठ मारलेलें. 'सूत्र' म्हणजे दोरा. 'पत्र' व 'पान' हीं झाडाचीं. 'पुस्तक' शब्दाचें मूळ कातडें या अर्थाच्या इराणी 'पोस्त' शब्दांत आहे, असें अनेक भाषाविद मानतात. 'कागद', 'शाई', 'दौत', 'दप्तर' हे शब्द फारसी-अरबींतून आले. म्हणजे आपल्या रोजच्या बोलण्यांतच लेखनद्रव्यांचे थर एकावर एक बसलेले आहेत. ज्यानें कधीं ताडपत्र पाहिलें नाहीं, तोहि छापील पुस्तकाचें 'पान' उलटतो. द्रव्य जातें, तरी त्यानें घालून दिलेली रीत मागें राहते, ही गोष्ट पुढें वारंवार दिसून येईल.

३. ताडपत्राचे मुख्य प्रकार दोन. एक साध्या ताडाचें, जाड व राठ. दुसरें श्रीतालाचें, पातळ, रुंद व लवचीक. श्रीतालाचा वृक्ष आयुष्यांत एकदांच फुलतो व फळें पिकल्यावर मरून जातो. युआन च्वांग या सातव्या शतकांतील चिनी यात्रेकरूनें कोंकणपुर नामक राज्यांतील एका तालवनाचा उल्लेख करून, त्याचीं पानें सर्व देशांत लेखनास वापरतात असें म्हटलें आहे. या कोंकणपुराच्या स्थळाविषयीं विद्वानांत मतभेद आहेत. परंतु दक्षिणेंतील झाडाचें पान दूरदेशीं जात असे, ही गोष्ट त्यावरून स्पष्ट होते. गुजरातेंतील जैन भांडारांतील अकराव्या-बाराव्या शतकांच्या पोथ्या ज्या श्रीतालपत्रांवर आहेत, तीं पानेंहि दक्षिणेकडूनच आणावीं लागत.

४. आतां आकार पाहा. पानाची लांबी हात-दीड हात मिळते, रुंदी मात्र दीड ते तीन इंचांपलीकडे क्वचितच जाते. म्हणून ओळी लांब व संख्येनें थोड्या. पानें सुटीं असल्यामुळें तीं गोळा राहावींत म्हणून मध्यें छिद्र पाडून त्यांतून दोरा ओंवीत. पान फार लांब असल्यास दोन छिद्रें. दोऱ्याच्या घर्षणानें अक्षर झिजूं नये म्हणून छिद्राभोंवतीं जागा कोरी ठेवीत. पोथी सपाट राहावी म्हणून वरखालीं लांकडी फळ्या. पोथीचें हें सर्व रूप कोणा कलावंतानें कल्पनेनें रचलेलें नव्हे. तें पानाच्या शिरांनीं ठरविलेलें आहे. चित्रांचीहि तीच गोष्ट. ताडपत्रावरील चित्र दोन-अडीच इंचांच्या चौकटींत बसवावें लागे. त्यामुळें आकृति मोजक्या, रेषा ठाशीव व रंग थोडे. कागद आल्यावर जैन कल्पसूत्राच्या पोथ्यांची उंची हळूहळू वाढत गेली आणि चित्रास मोकळी जागा मिळाली.

५. परंतु खरी लक्षांत घेण्याजोगी गोष्ट पुढेंच आहे. कागद हवा तसा कापतां येतो. त्याला लांबट असण्याचें कारण नाहीं, छिद्राचें तर मुळींच नाहीं. तरीहि कागदी पोथी शतकानुशतकें आडवीच राहिली. पश्चिम हिंदुस्थानांतील जुन्या कागदी पोथ्यांत पानाच्या मध्यभागीं चौकोनी किंवा शंकरपाळ्याच्या आकाराची कोरी जागा सोडलेली असते, व तींत पुष्कळदां तांबडा ठिपका असतो. हीच ती जुन्या छिद्राची जागा. दोरा गेला, छिद्र गेलें, उरली ती त्याची आठवण. आणि पुढें तीच शोभा मानली गेली. आपल्याकडील पोथ्या छापखान्यांत छापल्या जाऊं लागल्यावरहि आडव्या, सुट्या पानांच्याच निघाल्या. नव्या द्रव्यास जुन्या द्रव्याचा वेष चढविण्याची ही मनुष्याची प्रवृत्ति आहे. संग्राहकानें ती ओळखली पाहिजे, कारण ही जागा कोणत्या पोथींत किती स्पष्ट आहे व कोणत्या पोथींत लोपली आहे, यावरून काळाचा अंदाज बांधण्यास साहाय्य होतें.

६. ताम्रपटांतहि हेंच दिसतें. तांब्याचा पत्रा कोणत्याहि आकाराचा ठोकतां येतो. तथापि दक्षिणेंतील बहुतेक ताम्रशासनें लांबट पत्र्यांचीं असून एका बाजूस छिद्र पाडून कडींत ओंवलेलीं असतात. ताडपत्राच्या पोथीचें हें धातूंतील प्रतिरूप होय, हें ब्यूलर यांनीं पूर्वींच दाखविलें आहे. पहिल्या व शेवटच्या पत्र्याची बाहेरची बाजू बहुधा कोरी असते, आणि कित्येक पत्र्यांच्या कडा किंचित् उचललेल्या असतात. अक्षरांवर अक्षरें घांसूं नयेत, हा त्यांतील हेतु. मात्र धातूनें एक नवी सोय दिली. कडीच्या सांध्यावर राजमुद्रा बसवितां आली. बदामीच्या चालुक्यांचा वराह आणि राष्ट्रकूटांच्या कित्येक शासनांवरील गरुड या सांध्यावरच बसलेले आहेत. कडी तोडल्याशिवाय मधला पत्रा बदलतां येत नाहीं. जें पूर्वीं केवळ पानें सांभाळणारें साधन होतें, तें येथें कपटाविरुद्धचें साधन झालें.

७. आतां अक्षरांचा विचार करूं. ओरिसा व दक्षिण देशांत ताडपत्रावर लोखंडी टोंकदार लेखणीनें अक्षर कोरीत, आणि मग काजळी चोळून तें काळें करीत. ताडपत्राच्या शिरा लांबीच्या दिशेनें धांवतात. त्या दिशेनें टोंकदार लेखणीनें सरळ आडवी रेघ जोरानें ओढली, तर पान चिरण्याचें भय असतें. ओरिया लिपींत नागरीसारखी सरळ शिरोरेषा न राहतां तिच्या जागीं अर्धवर्तुळ आलें, याचें कारण सामान्यतः हेंच सांगतात, व तें आम्हांस पटतें. परंतु येथें एक सावधगिरी अवश्य आहे. बंगाल, नेपाळ व गुजरात येथेंहि ताडपत्रच वापरीत. पण तेथें तें शाईनें लिहीत. शाईची लेखणी पानास चिरीत नाहीं, म्हणून तेथें शिरोरेषा टिकली. उलट तमिळ लिपि लोखंडी लेखणीनेंच लिहिली जात असूनहि तींत सरळ आडव्या रेघा राहिल्याच. तेव्हां द्रव्य लिपीस विशिष्ट दिशेनें झुकवितें, तिला बांधून टाकीत नाहीं. द्रव्य, हत्यार आणि परंपरा या तिहींचा एकत्र विचार केल्याशिवाय निर्णय करूं नये.

८. उत्तरेकडे वळलें म्हणजे भूर्जपत्र भेटतें. हिमालयाच्या उंच उतारांवरील भूर्जवृक्षाची साल थरांथरांनीं सुटते. अल्-बीरूनी यानें इ. स. १०३० च्या सुमारास लिहिलेल्या ग्रंथांत दोन्ही रीती सांगितल्या आहेत : दक्षिणेंत ताडाचीं पानें छिद्रांतून दोरा ओंवून ठेवतात, आणि मध्य व उत्तर भागांत भूर्जाची साल तेल लावून, घोटून, तिजवर लिहितात व ती पोथी कापडांत गुंडाळून दोन फळ्यांमध्यें ठेवतात. साल रुंद असल्यामुळें कश्मीरांत भूर्जाचे मोठे ताव घेऊन, ते दुमडून, चामड्यांत बांधीत. बदामाचीं टरफलें जाळून त्यांचा कोळसा गोमूत्रांत उकळून केलेली तेथील शाई पाण्यानें जात नाहीं, अशी ब्यूलर यांची नोंद आहे. या भूर्जपोथ्यांचे दोष त्यांच्या द्रव्याचेच आहेत. थर सुटतात, घडीवर साल तुटते, कडांचे कपटे उडून जातात. म्हणून पाठ गळतो तो ओळींच्या आरंभीं व शेवटीं. ताडपत्रांत तो गळतो छिद्राभोंवतीं आणि दोन्ही टोंकांस. कोणता खंड कोणत्या कारणानें पडला हें द्रव्यावरून ठरतें, आणि हें ज्यास कळतें तोच संपादक त्रुटित पाठाची लांबी अक्षरें मोजून सांगूं शकतो.

९. याचें महत्त्व पुण्याच्या अभ्यासकांस विशेषेंकरून कळावें. ब्यूलर यांनीं इ. स. १८७५ मध्यें कश्मीरचा प्रवास करून जो संग्रह केला, तो पुढें डेक्कन कॉलेजांतून भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरांत आला. त्यांतील शारदा लिपींतील एक खंडित भूर्जपोथी सुखटणकर यांनीं महाभारताच्या आदिपर्वाची चिकित्सित आवृत्ति करतांना अत्यंत मोलाची मानली. तें पर्व इ. स. १९३३ मध्यें पुरें झालें. सुखटणकरांनीं पोथ्यांचे वर्ग लिपीवरून पाडले; कारण एका प्रांताचा लेखक सहसा दुसऱ्या प्रांताची लिपि नकलूं शकत नाहीं, आणि त्यामुळें पाठपरंपरा लिपीच्या कुंपणांत राहते. अथर्ववेदाच्या पैप्पलाद शाखेची कथा याहून बोलकी आहे. ही संहिता प्रथम कश्मीरांतील एका अशुद्ध भूर्जपोथीवरून विद्वानांस ज्ञात झाली. ती पोथी आज जर्मनींत ट्यूबिंगेन येथें आहे. नंतर इ. स. १९५० नंतरच्या दशकांत दुर्गामोहन भट्टाचार्य यांस ओरिसांत त्याच संहितेच्या ताडपत्रावरील अधिक चांगल्या पोथ्या मिळाल्या. हिमालयाची साल आणि समुद्रकांठचें पान यांनीं एकच वेद दोन वाटांनीं सांभाळला. एकाच द्रव्यावर भिस्त असती, तर आपल्या हातीं फार थोडें लागलें असतें.

१०. कागदानें हीं दोन्ही द्रव्यें मागें सारलीं. गुजरातेंत तेराव्या-चौदाव्या शतकांपासून कागदी पोथ्या वाढूं लागल्या. कश्मीरांत पंधराव्या शतकांत झैनुलआबिदीन यानें समरकंदाहून कागदाचे कारागीर आणविले, तथापि इ. स. १५८६ मध्यें अकबरानें तो देश जिंकल्यानंतर भूर्जाचा वापर मोडला. महाराष्ट्रांत दौलताबादी, जुन्नरी, बाळापुरी असे कागदाचे प्रकार गांवांच्या नांवांनींच ओळखले जात. दौलताबादेजवळचें कागजीपुरा आणि पुण्याच्या कसब्यांतील कागदीपुरा हीं नांवें त्या धंद्याचींच स्मारकें होत. इ. स. १३२७ मध्यें मुहंमद तुघलकानें राजधानी देवगिरीस हलविली, तेव्हां कागदी तिकडे आले अशी कागजीपुऱ्याची परंपरा आहे.

११. कागद हें झाडावरून तोडून आणण्याचें द्रव्य नव्हे; तें समाजानें निर्माण करावयाचें द्रव्य आहे. चिंध्या, जुने दोर, तागाचीं गोणपाटें चुन्याच्या पाण्यांत भिजवावयाचीं, पायानें चालविण्याच्या जड घणाखालीं कुटावयाचीं, वाहत्या पाण्यांत धुवावयाचीं, आणि हें पुनःपुन्हां. मग त्या लगद्याचें पाणी गवताच्या काड्यांच्या चटईवर उचलून ताव काढावयाचा, भिंतीस चिकटवून वाळवावयाचा, खळ लावावयाची व गुळगुळीत दगडानें घोटावयाचा. यास बारमाही पाणी लागतें. म्हणून कागद्यांची वस्ती नदी-तळ्याच्या आश्रयानें झाली. चिंध्या लागतात, म्हणून ती शहराजवळ झाली. हे कारागीर बहुतेक मुसलमान. कोणाच्याहि अंगावरच्या जीर्ण वस्त्रांचा लगदा, मुसलमान कागद्याचा हात, आणि त्यावर वैदिक ब्राह्मणानें सोवळ्यानें लिहिलेली संहिता : असा हा संयोग आहे. शास्त्रार्थांत जो प्रश्न अडला असता, तो व्यवहारानें निमूटपणें सोडविला. यंत्र लिहिण्यास मात्र भूर्जपत्रच लागे, आणि पुरीच्या जगन्नाथमंदिराची मादळा पांजी ताडपत्रावरच राहिली. जुनें द्रव्य लोकव्यवहारांतून गेल्यावर देवघरांत राहतें, असा हा नियम दिसतो.

१२. घोटीव कागदावर बोरू अडत नाहीं, चिरीत नाहीं, शाई पसरत नाहीं. मोडी लिपीची धांव या पृष्ठभागावर अवलंबून आहे. आधीं या कडेपासून त्या कडेपर्यंत रेघ ओढावयाची आणि मग हात शक्य तितका न उचलतां अक्षरें तिला लटकवीत जावयाचें, ही रीत टोंकदार लोखंडी लेखणीनें ताडपत्रावर साधणारी नव्हे. मोडीच्या उत्पत्तीचें श्रेय हेमाद्रीस देणारी कथा खरी असो वा नसो, मोडीचा विस्तार कागदाच्या सुलभतेशीं बांधलेला आहे, हें निश्चित. कागदाचे अरुंद ताव एकाखालीं एक डकवून हवा तेवढा लांब लेख करतां येतो. यास 'बंद' म्हणत. पण डकविलेलें उकलतांहि येतें. म्हणून जोडाच्या पाठीवर शिक्का उठविण्याची आणि लेखाच्या शेवटीं मर्यादामुद्रा करण्याची पद्धति पडली. ताम्रपटाच्या कडीचें काम येथें शिक्क्यानें केलें. पेशवे दप्तरांतील हजारों रुमाल हें स्वस्त व हलक्या द्रव्यावर उभ्या राहिलेल्या राज्यकारभाराचें फळ होय. ताम्रपटांवर असा कारभार चालला नसता.

१३. चुकीची दुरुस्तीहि द्रव्याप्रमाणें बदलते. कागदावर चुकलेल्या अक्षरावर पिवळा हरताळ फांसून तें झांकीत व वर नवें लिहीत. 'हरताळ फांसणें' हा वाक्प्रचार तेथूनच आला. कोरलेल्या ताडपत्रावर हा उपाय लागू पडत नाहीं. तेथें अक्षरावर खूण करावी किंवा तें खोडावें लागतें. म्हणून हरताळाखालचें मूळ अक्षर उजेडांत धरून वाचणें, हें कागदी पोथीच्या संपादकाचें एक कर्तव्य होऊन बसतें. येथें एक सूचना करणें अवश्य आहे. हरताळ हें सोमलाचें संयुग आहे, विष आहे. बोटास थुंकी लावून अशा पोथीचें पान उलटूं नये, व काम झाल्यावर हात धुवावेत. तसेंच जंगालाच्या हिरव्या रंगानें व हिराकसाच्या शाईनें कागद जळतो. काजळीच्या शाईनें तो जळत नाहीं. रंगीत चौकटीच्या रेषेवरच पान तुटलेलें दिसलें, तर तो वाळवीचा नव्हे, रंगाचा दोष समजावा.

१४. आतां ज्या गोष्टीमुळें हा विषय केवळ कुतूहलाचा राहत नाहीं, ती सांगतों. चिंध्यांच्या कागदांत चुन्याचा अंश राहतो, व तो आम्लास मारतो. एकोणिसाव्या शतकांत यूरोपांत तुरटी व राळ यांची खळ आणि लांकडाचा लगदा यांचा प्रसार झाला. लांकूड दळून लगदा करण्याची युक्ति जर्मनींत इ. स. १८४४ च्या सुमारास निघाली. तुरटीनें अशा कागदांत आम्ल उत्पन्न होतें व तें कागदास आंतून खातें. राजवाडे यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या मालेचा पहिला खंड इ. स. १८९८ मध्यें निघाला. त्या पिढीच्या पुष्कळ छापील ग्रंथांचीं पानें आज पिवळीं पडून घडीवर मोडतात. आणि ज्या सतराव्या-अठराव्या शतकांतील पत्रांवरून तीं छापलीं, तीं पत्रें, वाळवी व ओल यांतून वांचलीं असल्यास, अद्याप मऊ आहेत. नक्कल मुळाच्या आधीं मरत आहे. 'आतां छापून झालें, मूळ कागदाचें काय काम' असें म्हणून ज्यांनीं रुमाल रद्दींत घातले, त्यांनीं काय केलें याचा विचार वाचकांनींच करावा.

१५. हाच विचार आज छायाचित्रांच्या बाबतींत पुन्हां ऐकूं येतो. इ. स. २००३ मध्यें राष्ट्रीय पांडुलिपि मिशन स्थापन झाल्यापासून पोथ्यांचीं संगणकीय छायाचित्रें घेण्याचें काम पुष्कळ झालें, व तें स्तुत्यच आहे. परंतु छायाचित्रांत अक्षर येतें. कागदाची जाडी, घोटाई, चटईच्या काड्यांच्या रेषा व हरताळाखालचें अक्षर बहुधा येत नाहीं. सनद खरी कीं बनावट, हा प्रश्न पडल्यास निकाल पुष्कळदां येथेंच लागतो. देशी कागदांत जलचिन्ह नसतें, यूरोपीय कागदांत बहुधा असतें, आणि इ. स. १७९४ नंतरच्या अनेक इंग्रजी कागदांच्या जलचिन्हांत सालहि घातलेलें असतें. शके १६०० ची म्हणून आलेली सनद उजेडांत धरतांच तींत इंग्रजी साल दिसलें, तर अक्षर कितीहि जुन्या वळणाचें असो, वाद तेथेंच मिटतो.

१६. यास्तव संग्राहकांस आमची विनंति अशी. यादी करतांना द्रव्याचा रकाना मोठा करावा. पानाची लांबी-रुंदी, छिद्र किंवा त्याची कोरी जागा, लेखन कोरीव कीं शाईचें, कागद देशी कीं विलायती, काड्यांच्या रेषा बोटभर रुंदींत किती, जलचिन्ह कोणतें, जोडावर शिक्का आहे कीं नाहीं, हें नोंदवावें. छायाचित्रें घेतांना निदान एका पानाचें चित्र पाठीमागून उजेड देऊन घ्यावें. पोथीच्या फळ्या, दोरा व वेष्टनाचें कापड फेंकूं नये. कडा समान करण्यासाठीं पानें कापूं नयेत. फाटलेल्या जागीं बाजारची चिकटपट्टी लावूं नये, आणि प्लास्टिकच्या वेष्टनांत पान कायमचें बंद करूं नये. अशा उपायांनीं मजकूर कांहीं काळ राहील, पण पोथी जाईल. मजकुराच्या प्रति दुसरीकडे मिळण्याचा संभव असतो. ज्या पानावर, ज्या शाईनें, ज्या हातानें ही एक प्रत झाली, तें पान दुसरें नाहीं.